दुर्मीळ मेंदूविकारांचे रुग्ण आणि आपली आरोग्ययंत्रणा: नाशिक जिल्ह्यासाठी प्रशिक्षणाचा आराखडा

जगभरात ७,०००हून अधिक दुर्मीळ आजारांची नोंद आहे. त्यातल्या पुष्कळ आजारांत मेंदू, मज्जारज्जू, नसा किंवा स्नायू यांना झळ लागते. एवढी नावं कुणाच्या लक्षात राहणार नाहीत आणि राहायची गरजही नाही. तरी प्रशिक्षण ठरलं की बहुतेक ठिकाणी नावांचाच पाढा होतो. मुंबई-पुण्याहून तज्ज्ञ येतात, दिवसभर स्लाइड चालतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि पुढच्या सोमवारी ओपीडीत काहीच बदललेलं नसतं.

आजाराला नाव देणं तज्ज्ञांचं काम आहे, पण ते नाव मिळेपर्यंत अनेकदा वर्षं जातात. त्या काळात रुग्णाला आपल्या हातून इजा होऊ नये, त्याला वेळेत योग्य जागी पाठवलं जावं आणि घरच्यांचं म्हणणं कुणीतरी नीट ऐकून घ्यावं, एवढं आशाताईंपासून भूलतज्ज्ञांपर्यंत प्रत्येकाला जमायला हवं. पुढचा आराखडा त्यासाठीच आहे. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, आयएमए किंवा निमा या डॉक्टरांच्या संघटनांची शाखा, एखादी संस्था, कुणीही तो राबवू शकतं.

रुग्णाची वाट आधी कागदावर आणा

मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला सुरगाणा-पेठचा पाडा, उजव्या टोकाला परळचं केईएम रुग्णालय. मधे आशा, उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि एएनएम (परिचारिका), पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाशिकचं जिल्हा रुग्णालय, शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगाव आणि धामणगावची वैद्यकीय महाविद्यालयं. रेघेखाली दुसरी वाट काढा: गावातले बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर, मेडिकल दुकान, भगत, हाडवैद्य. घरचे बहुतेक वेळा या खालच्या वाटेने निघतात आणि बऱ्याच उशिरा वरच्या वाटेवर येतात. म्हणून फक्त सरकारी कर्मचाऱ्यांना शिकवलं तर अर्धं काम राहून जातं. तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांना पहिल्याच तुकडीत घ्या.

मग प्रत्येक थांब्यासमोर त्या माणसाने करायची एकच गोष्ट लिहा. आशाताईंसाठी: ‘आधी येत होतं ते आता येत नाही’ असं आई म्हणाली की आठवड्याच्या आत पीएचसी. आरबीएसके, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी पथकासाठी: मुलाला जमिनीवर उताणं झोपवून उठायला सांगणं. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. इतकी मुलं दुसरं कुणीच बघत नाही. औषधनिर्मात्यासाठी: विल्सन (अंगात तांबं साचण्याचा आजार), मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आणि फिटच्या रुग्णांचं औषध संपायच्या १५ दिवस आधी सांगणं. १०८ रुग्णवाहिकेच्या डॉक्टरसाठी: घरच्यांकडचं तातडीचं कार्ड (ते चौथ्या सत्रात येतं) मागणं. ज्या थांब्यासमोर काय लिहावं ते सुचत नाही, तिथल्या माणसाला तुम्ही बोलावताय कशासाठी, याचा पुन्हा विचार करा.

तुकडी, वेळ, जागा

एका तुकडीत २० ते २४ जण, सहा-सहाचे गट. तीन तासांची चार सत्रं, आठवड्याला एक. सलग दोन दिवसांचा कार्यक्रम सोपा वाटतो, पण पीएचसीचा एकुलता एक डॉक्टर दोन दिवस सुटत नाही आणि सुटला तर फोनवरच असतो. शिवाय सत्रांच्या मधल्या आठवड्यात प्रत्येकाला शिकलेली एक गोष्ट करून बघता येते. हा मधला आठवडा प्रशिक्षणाचाच भाग धरा.

डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसल्या की परिचारिका गप्प राहतात. औषधं आणि भूल यांचं सत्र डॉक्टर, औषधनिर्माते आणि शस्त्रक्रियागृह व प्रसूतिगृहातल्या सिस्टर यांच्यासाठी वेगळं ठेवा. ओळख, हाताळणी आणि बोलणं ही सत्रं मिश्र घ्या आणि त्यात प्रत्येक गटाचं म्हणणं मांडायचं काम परिचारिका किंवा सीएचओकडे द्या.

सुरगाणा, पेठ, कळवणच्या लोकांना नाशिकला बोलावू नका, तुम्ही कळवणला जा. जुलै-ऑगस्टचा पाऊस टाळा. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. तेव्हा जिल्ह्यातला प्रत्येक आरोग्य कर्मचारी बंदोबस्तात असेल, त्यामुळे त्या वर्षीच्या तुकड्या उन्हाळ्यापूर्वीच संपवा. डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यासाठीचा अर्ज आधीच करून ठेवला तर खासगी डॉक्टरांची हजेरी सुधारते.

पहिल्या सत्राआधी दोन गोष्टी जमवा. आपल्याच जिल्ह्यातली १० जुनी संदर्भ पत्रं, नाव-पत्ता पूर्ण झाकून. आणि १० छोट्या प्रसंगांची २० मिनिटांची चाचणी, ज्यात ‘हा कोणता आजार?’ असा एकही प्रश्न नसेल. प्रत्येक प्रश्न ‘आता काय कराल, काय करणार नाही, कुठे पाठवाल?’ असाच असावा.

रुग्ण आणि पालक हेच पहिले शिक्षक

प्रत्येक तुकडीला किमान दोन कुटुंबं शिकवायला हवीत. ‘अनुभवकथन’ म्हणून शेवटची दहा मिनिटं देऊ नका. पूर्ण पाऊण तास द्या, तोही पहिल्या सत्रात. तज्ज्ञांना जेवढं मानधन द्याल तेवढंच त्यांना द्या, गाडीखर्च वेगळा. खोली तळमजल्यावर, व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह जवळ, पंखा किंवा एसी चालू. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात काही रुग्णांचा त्रास उन्हाने वाढतो, मायस्थेनियाचे रुग्ण दुपारनंतर थकतात, म्हणून सत्र सकाळी ठेवा.

लेखी संमती घ्या, फोटो-व्हिडिओ नाही हे सुरुवातीलाच जाहीर करा. कोणता प्रश्न विचारलेला चालणार नाही हे कुटुंबाने आदल्या दिवशी सांगायचं. त्यांना तीनच गोष्टी विचारा: सगळ्यात आधी काय वेगळं वाटलं आणि ते कुणाला सांगितलं, दवाखान्यात कशाचा त्रास झाला, कशाचा आधार वाटला. मूल समोर बसलेलं असताना त्याच्या आयुष्याबद्दलचे प्रश्न नकोत. मुलं सगळं ऐकत असतात.

पहिलं सत्र: काय दिसलं की थांबायचं

पाच दारं शिकवा. येत असलेली गोष्ट जाणं, अंग सैल असणं, हळूहळू वाढणारी किंवा दिवसभरात कमी-जास्त होणारी अशक्तपणाची तक्रार, तरुण वयात थरथर-वाकडेपणा-वागण्यातला बदल, आणि तापासोबत पुन्हा पुन्हा येणाऱ्या लांब फिट. यातलं एकही दिसलं तर ‘होईल हळूहळू’ म्हणायचं नाही.

उठण्याची चाचणी प्रत्येकाकडून करून घ्या. मूल उताणं झोपवायचं, हात लावायचा नाही, ‘ऊठ’ म्हणायचं. डुशेन स्नायुक्षय असलेला मुलगा आधी पालथा होतो, चार पायांवर येतो, मग हात गुडघ्यांवर आणि मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, त्यामुळे घरच्यांना तो दणकट वाटतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलात हे दिसलं की सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज तपासा. डुशेनमध्ये तो हजारांत, बहुतेकदा १०,०००च्या वर निघतो.

इथली नेहमीची चूक अशी: रक्त तपासलं, एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं आलं, मुलगा कावीळ किंवा यकृताच्या औषधांवर गेला. हे दोन्ही घटक स्नायूंतूनही येतात. बिलिरुबिन आणि जीजीटी हे यकृताचे आकडे नॉर्मल, पण एसजीपीटी वाढलेलं, असं असेल तर पहिल्यांदा सीके. या एका वाक्याने जेवढी वर्षं वाचतील तेवढी दुसऱ्या कशानेच वाचणार नाहीत. ते प्रत्येकाच्या टेबलाच्या काचेखाली लावा.

विल्सनचा आजार वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे: औषध आहे, स्वस्तात सुरू करता येतं, आणि उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. साधारण ५ ते ३५ वयातला मुलगा किंवा मुलगी, अक्षर बिघडलं, बोलणं जड झालं, लाळ गळते, चिडचिड वाढली, कधी पूर्वी कावीळ झालेली. बाहेरची बाधा किंवा मानसिक आजार म्हणून अशा रुग्णांचे महिने जातात. नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर बुबुळाच्या कडेचं कायसर-फ्लायशर वलय बघा, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासा. सेरुलोप्लाझ्मिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि लघवीतलं तांबं दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त, असं आलं की संशय पक्का धरून पुढे पाठवा. लघवीची तपासणी फसते ती गोळा करण्यात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी लॅबने दिलेल्या कॅनमध्येच घ्यायची, घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात नाही. निदान झालं की सख्ख्या भावंडांची तपासणी त्याच महिन्यात.

मालेगावच्या तुकडीत एसएसपीईला, म्हणजे गोवरानंतर काही वर्षांनी होणाऱ्या मेंदूच्या आजाराला, वेळ द्या. २०२२च्या अखेरीस तिथे गोवराचा उद्रेक झाला होता. गोवराचा विषाणू मेंदूत दडून राहून हा आजार साधारण सहा ते दहा वर्षांनी डोकं वर काढतो, आणि दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना धोका जास्त. शाळेत मागे पडणं, हट्टीपणा, मग ठरावीक अंतराने अंगाला किंवा मानेला झटका बसून मूल पडणं. ताप नसतो, पुरळ नसतं, म्हणून गोवर कुणाच्या डोक्यातच येत नाही. झटक्यांचा मोबाइल व्हिडिओ काढायला आईला सांगा, ईईजीला (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या तपासणीला) पाठवा आणि गोवराची तारीख पत्रात लिहा. ९ आणि १६ ते २४ महिन्यांचे लसीचे दोन्ही डोस हाच यावरचा खरा उपाय आहे, हे एएनएमना या सत्रात नव्याने जाणवतं.

अचानक आलेल्या लुळेपणासाठी २०२५च्या जानेवारीतलं पुण्याचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात आहे. सिंहगड रस्ता परिसरात दूषित पाण्याशी जोडलेले गुइलान-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले होते. १५ वर्षांखालच्या मुलात असा लुळेपणा आला तर तो एएफपी (पोलिओवर नजर ठेवण्यासाठी होणारी अचानक लुळेपणाची नोंद) म्हणून त्याच दिवशी कळवायचा आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे. हे बहुतेकांना माहीत असतं. या रुग्णाचा श्वास कसा मोजायचा ते मात्र माहीत नसतं, आणि तेच पुढच्या सत्रात येतं.

दुसरं सत्र: आपल्या हातून इजा होऊ नये म्हणून

सुरुवात श्वासापासून करा. स्नायू किंवा नसांच्या आजारात पल्स ऑक्सिमीटर शेवटपर्यंत ९७-९८ दाखवतो आणि मग अचानक कोसळतो. म्हणून हे शिकवा: रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावून एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. २०पर्यंतही पोचत नसेल तर धोका. उशीवरून मान उचलता येत नसेल तर धोका. खोकल्यात जोर नाही, बोलताना वाक्य तुटतंय, लाळ गिळता येत नाही, तरी धोका. अशा रुग्णाला आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवायचं, ‘सकाळी बघू’ नाही. आकड्यांची चाचणी सगळ्यांनी एकमेकांवर करून बघायची, म्हणजे निरोगी माणूस कुठपर्यंत जातो त्याचा अंदाज येतो.

जुनाट स्नायुविकारात त्रास रात्री सुरू होतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग, दचकून जागं होणं. इथे नुसता ऑक्सिजन लावला की आकडा सुधारतो, पण आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि रुग्ण गुंगीत जातो. ऑक्सिजन देऊच नये असं नाही. पण मास्कने श्वासाला आधार देणारं बायपॅपसारखं यंत्र मिळेल तिथे लवकर हलवायचं, आणि सोबतच्या पत्रात ‘कार्बन डायऑक्साइड तपासा’ असं लिहायचं.

औषधांची यादी एका पानाची असावी, भिंतीवर लावता येईल अशी.

मायस्थेनिया असेल तर जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, बीटा ब्लॉकर जपून; शिरेतून मॅग्नेशियम नाही. प्रसूतिगृहात ही ओळ ठळक लावा, कारण झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देणं तिथे हाताच्या सवयीचं असतं.

डुशेन असेल तर भूल देताना सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) नाही आणि वासाची भूल नाही. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. स्टिरॉइड चालू असेल तर उलट्या होताहेत म्हणून अचानक बंद करायचं नाही. हाड मोडल्यानंतर धाप लागली तर फुप्फुसात चरबी अडकल्याचा संशय धरायचा.

ड्रॅव्हे या फिटच्या आजाराचा संशय, म्हणजे पहिल्या वर्षात तापासोबत किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लांब फिट, असेल तर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन त्रास वाढवू शकतात.

दोन वर्षांखालचं मूल, विकास मागे आणि मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) आजाराची शंका असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय व्हॅल्प्रोएट (फिटचं औषध) नाही. चयापचयाचा आजार असलेल्या मुलाला एमआरआयसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी सलाइनमधून साखर न देता तासन्‌तास उपाशी ठेवायचं नाही.

कंपवातासारखी ताठरता किंवा वाकडेपणा असेल तर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, ऑन्डान्सेट्रॉन द्या.

विल्सनमध्ये पेनिसिलामिन सुरू केल्यावर काही रुग्णांची थरथर आधी वाढते. घरचे घाबरून औषध बंद करतात. तपासणीशिवाय बंद करायचं नाही, आणि साठा संपला म्हणून तर अजिबात नाही. अचानक खंड पडला तर यकृत निकामी होऊ शकतं.

फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर नाकातून मिडाझोलाम, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. आईला फवारा कसा मारायचा ते रिकाम्या स्प्रेत पाणी भरून, त्यावर करून दाखवायला सांगा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात.

तिसरं सत्र: हातांनी करायची कामं

या सत्रात खुर्च्या बाजूला सारा. गिळणं, उचलणं, खोकवणं, तिन्ही कामं प्रत्येकाने करायची.

गिळण्याच्या त्रासात कोणता घास चालतो हे आपल्या ताटाच्या भाषेत सांगा. सर्वांत घातक असतो तो मिश्र घास: दुधात कुस्करलेली पण पूर्ण न विरघळलेली पोळी, पातळ रश्शातले मटकीचे दाणे. दूध किंवा रस्सा आधी घसरतो आणि फोड किंवा दाणा मागे राहतो. कोरडे पोहे, शेंगदाणे, चुरमुरे टाळा. नाचणीची घट्टसर आंबील, मऊ भात-वरण एकजीव घोटून, मिक्सरमधून काढलेली भाजी चालते. बसण्याचा कोन सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गेल्याशिवाय पुढचा नाही, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. जेवण अर्ध्या तासाहून जास्त लांबत असेल, जेवताना आवाज ओला होत असेल किंवा वजन दहा टक्क्यांनी घटलं असेल तर नळीने अन्न देण्याचा विषय काढायची वेळ आलेली आहे. मोटर न्यूरॉन आजारात (यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसपेशी मरत जातात) हे श्वासाची ताकद निम्म्यावर यायच्या आत करणं सुरक्षित असतं. घरच्यांना नळी म्हणजे शेवट वाटतो. तसं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

सैल अंगाच्या मुलाला काखेत धरून उचलू नका. खांद्याला जोर नसतो, मूल हातांतून खाली निसटतं. एक हात मांड्यांखालून, एक पाठीमागून, मूल आपल्या अंगाशी. मोठ्या रुग्णाला पलंगावरून हलवताना चादरीची घडी वापरा, हात ओढून उठवू नका.

खोकल्याचा जोर साध्या पीक फ्लो मीटरवर मोजता येतो. हे यंत्र दम्यासाठी बऱ्याच ठिकाणी असतंच. मोठ्या माणसात खोकल्याचा आकडा मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर सर्दीतही कफ अडकू शकतो. १६०च्या खाली असेल तर आधाराशिवाय कफ निघत नाही. पोटावर दाब देऊन खोकवणं आणि अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने) श्वासावर श्वास भरणं फिजिओथेरपिस्टने शिकवायचं, आणि प्रत्येकाने निदान तीनदा करायचं.

चौथं सत्र: बोलणं आणि कागद

निदान सांगण्याचा सराव तिघांच्या गटात करा: एक डॉक्टर, एक आई, एक बघणारा. सात मिनिटं संवाद, पाच मिनिटं चर्चा, आणि चर्चेत पहिल्यांदा ‘आई’ झालेली व्यक्ती बोलेल. फोन बंद, सगळे बसलेले, शक्य तर आईवडील दोघं. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारा, मग दोन-तीन वाक्यांत सांगा आणि थांबा. ही शांतता सहन होत नाही म्हणून बहुतेक डॉक्टर लगेच जनुकांवर बोलायला लागतात. तेव्हा समोरच्याला काहीच ऐकू येत नसतं.

‘यावर काही उपाय नाही’ हे वाक्य सगळ्यांनी सोडायचं. त्याऐवजी असं म्हणता येतं: ‘ताई, हा आजार पूर्ण बरा करणारं औषध आज आपल्याकडे नाही. पण याचा श्वास, हृदय, पाठ, खाणं यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते आपण करत राहणार आहोत. पुढच्या महिन्यात परत या.’

‘माझ्या पोटातच दोष होता का हो डॉक्टर?’ हा प्रश्न येतोच, अनेकदा सासूबाईंसमोर. उत्तर आधी ठरवून ठेवा: ‘नाही ताई. जनुकांतला बदल कुणी करून होत नाही, खाण्याने नाही, ग्रहणाने नाही. दोष तुमचा नाही, कुणाचाच नाही.’ वाहकत्वाची (सदोष जनुक आईवडिलांपैकी कुणाकडे आहे याची) चर्चा नंतर, वेगळ्या भेटीत, एकांतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असलं की कर्मचारी लगेच त्यावर बोट ठेवतात. नात्यातल्या लग्नाने एसएमए (मज्जारज्जूतल्या नसपेशी मरून स्नायू दुबळे होण्याचा आजार) किंवा विल्सनसारख्या आजारांची शक्यता वाढते हे खरं. डुशेनचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. चुकीचं बोट दाखवल्याने घरं तुटतात.

एसएमए किंवा विल्सनसारख्या आजारात प्रत्येक मुलाला असलेला ‘चारात एक’ धोका समजावताना वाटीत चार चिठ्ठ्या टाका, एकीवर खूण करा, आणि प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकून पुन्हा काढायला सांगा. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन निरोगी, हा गैरसमज असा जातो. पुढच्या गरोदरपणाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होऊ शकते, पण त्यासाठी आजारी मुलाचा जनुकीय अहवाल आधीच हातात लागतो. पाचव्या महिन्यात आलेल्या बाईला हे सांगण्याची वेळ येऊ नये म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: पुढे मूल हवं आहे का? जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांनी एवढं लक्षात ठेवावं: डुशेनसाठी आधी एमएलपीए (जनुकाचा तुकडा गळालाय किंवा दुप्पट झालाय का ते बघणारी तपासणी), एसएमएसाठी आधी एसएमएन१ जनुकाची तपासणी, आणि हंटिंग्टन किंवा फ्रीडराइखसारखे आजार नेहमीच्या एक्झोममध्ये (अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीत) निसटू शकतात, म्हणून ‘एक्झोम नॉर्मल’ म्हणजे आजार नाही असं नव्हे.

आता जमवलेली संदर्भ पत्रं काढा. ‘केस ऑफ विकनेस, फॉर हायर सेंटर’ एवढंच लिहिलेलं पत्र सापडेलच. गटांनी तेच पत्र नव्याने लिहायचं: पहिली खूण कोणत्या वयात, काय कधी गेलं, तीन पिढ्यांची वंशावळ, दगावलेली बाळं आणि गर्भपात धरून, झालेल्या तपासण्यांचे आकडे आणि तारखा, औषधं मिलिग्रॅमसह, कोणत्या औषधाने बिघडलं, आजचं वजन, घरची भाषा, आणि शेवटी स्पष्ट प्रश्न. अहिराणी, कोकणी किंवा उर्दू बोलणाऱ्या कुटुंबाबद्दल तसं लिहिलं नाही तर पुढच्या ठिकाणी इतिहास पुन्हा चुकीचा घेतला जातो.

त्याच टेबलावर एक पानाचं तातडीचं कार्ड भरायला शिकवा. निदान किंवा ‘निदान बाकी’, नेहमीची स्थिती, चालतो का, बोलतो का, नेहमीचा ऑक्सिजन किती, वजन, चालू औषधं, काय द्यायचं नाही, फोन नंबर. समोर मराठी, मागे वैद्यकीय भाषा, प्लॅस्टिकचं वेष्टन. एक घरी, एक शाळेत किंवा अंगणवाडीत, एक फोनमध्ये फोटो. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठची कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात. मूल आजारी पडतं ते अनोळखी पीएचसीच्या हद्दीत, आणि फाइल पाड्यावर राहिलेली असते. कार्ड सोबत असेल तरच तिथल्या डॉक्टरला काही कळेल.

हक्कांचे कागदही याच सत्रात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायुक्षय, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स आणि जुनाट मज्जासंस्थाविकार आहेत. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरलेल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत आहे. ती कुटुंबाच्या हाती येत नाही, उत्कृष्टता केंद्रामार्फत मिळते, आणि नाशिककरांसाठी ते केंद्र केईएम. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालं तरी दादरला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. म्हणून केस पेपरची वेळ आणि ओपीडीचा वार आधी फोनवर विचारून, गरज असेल तर आदल्या रात्री जायला सांगा.

नंतरचे सहा महिने

चाचणीत ३० टक्क्यांवरून ८० टक्के गुण झाले याने फारसं काही कळत नाही. सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी हे बघा: नव्या २० संदर्भ पत्रांत वरचे सगळे रकाने किती पत्रांत भरलेत, वाढलेल्या एसजीपीटीच्या मुलांत सीके किती जणांचा झाला, किती कुटुंबांकडे कार्ड आहे आणि ते आज कुठे आहे. पाच कुटुंबांना फोन करून विचारा, शेवटच्या भेटीत त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं का.

पहिले दोन महिने गरज नसलेले रुग्णही वर पाठवले जातील. तज्ज्ञांना याची आधी कल्पना द्या. तिथून एक रागाचा फोन आला की पीएचसीचा डॉक्टर पुन्हा पाठवायला धजत नाही. त्यासाठी आठवड्यातून अर्धा तास ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर ठरलेली वेळ ठेवा, जिथे पाठवण्याआधी विचारता येईल. व्हॉट्सॲप गटावर रुग्णाचं नाव, चेहरा, अहवाल टाकू न देणं ही गटप्रमुखाची जबाबदारी.

बदल्या होतात, म्हणून प्रत्येक पीएचसीतून दोघांना शिकवा आणि वर्षातून एकदा तीन तासांची उजळणी घ्या. उपचारही बदलतात. एसएमएवरच्या रिस्डिप्लाम या तोंडी औषधाची जेनेरिक आवृत्ती २०२५मध्ये भारतात आली, आणि ‘परवडणारच नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कुटुंबांशी पुन्हा बोलणं भाग झालं. औषधांची यादी दर एप्रिलमध्ये औषधनिर्माते आणि न्यूरॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून तपासावी, खाली तारीख टाकावी, आणि भिंतींवरच्या जुन्या प्रती त्याच आठवड्यात काढून टाकाव्यात.